शाळा सोडण्याचे कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. ठाणे जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी बारा वर्षांपासून शिकवते. शाळेत कारकुनाची जागा रिकामी असली की जनरल रजिस्टर आणि दाखले लिहिण्याचे काम आम्हा शिक्षिकांकडे येते. त्या रकान्यात लिहिली जाणारी कारणे ठरलेली आहेत : ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘स्थलांतर’, ‘सततची गैरहजेरी’. मुलगी आठवी-नववीतली असेल तर आपणही फार विचारत नाही. वडील समोर उभे असतात, नजर खाली असते, आपण सही करतो, शिक्का मारतो. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास ज्यांना लिहायचा आहे त्यांना हा रकाना काहीच सांगणार नाही, हे मला उशिरा कळले.

२० ऑगस्ट २०२४ हा मंगळवार होता. बदलापुरात एका शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघड झाले आणि त्या दिवशी लोक रुळांवर उतरले. लोकल दिवसभर बंद होत्या. आमच्या शाळेतल्या एक बाई संध्याकाळपर्यंत कल्याणला अडकून पडल्या होत्या. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रकरणाची सुनावणी करून डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका तरुण डॉक्टरवर ९ ऑगस्टला रुग्णालयाच्या सेमिनार हॉलमध्ये अत्याचार करून तिची हत्या झाली होती. आणि त्याच दिवशी, याच २० ऑगस्टला, अजमेरच्या पॉक्सो न्यायालयाने सहा जणांना जन्मठेप व प्रत्येकी पाच लाख रुपये दंड ठोठावला. तो गुन्हा १९९२ मध्ये उघडकीस आलेला होता. तिन्ही बातम्या शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या. पहिल्या दोन वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होत्या, तिसरी आतल्या पानात गेली.

मी त्या तिसऱ्या बातमीपासून सुरुवात करणार आहे. कारण ती आपल्या समाजाने सर्वात कमी वाचली आहे.

१९९२ मध्ये मी चार वर्षांची होते. अजमेरमध्ये त्या वर्षी एका स्थानिक हिंदी दैनिकाने बातमी छापली की शहरातल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलींना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रे काढून, ती छायाचित्रे दाखवून धमकावले जात आहे. पद्धत अशी होती की एका मुलीला धमकावायचे आणि तिला तिच्या मैत्रिणींना घेऊन यायला भाग पाडायचे. रोल धुवायला दिलेल्या फोटो लॅबमधून प्रती बाहेर फुटल्या, तेव्हा धमकावणाऱ्यांची संख्याही वाढली. एकूण अठरा आरोपी झाले. त्यांतले काही दर्ग्याच्या खादिम घराण्यांशी संबंधित होते, काही युवक काँग्रेसचे पदाधिकारी होते. पैसा, पक्ष आणि दर्ग्याचा दबदबा, तिन्ही त्यांच्या बाजूने.

मग जे झाले ते आपल्याला सवयीचे आहे. शहरात बंद पाळले गेले, घोषणा झाल्या, आणि प्रकरण ‘मुसलमानांनी हिंदू मुलींना’ या साच्यात बसवले गेले. ज्यांना त्याचा उपयोग करायचा होता त्यांनी तो केला, आजही करतात. आपण काय केले? आपण म्हणालो, हे दर्ग्याला बदनाम करण्याचे कारस्थान आहे. आपल्या घरांत त्यावर बोलायचे नाही असे ठरले. एका बाजूला मुली झेंड्यासारख्या वापरल्या गेल्या, दुसऱ्या बाजूला त्या दिसल्याच नाहीत. त्यांचा अभ्यास, त्यांच्या परीक्षा, त्यांचे वर्ष यांबद्दल दोन्हींकडून एक शब्द आला नाही. कौम मोठी की कोवळी मुलगी मोठी, हा प्रश्न निदान आपण, मुली शिकवणाऱ्यांनी तरी, तेव्हा विचारायला हवा होता.

खटल्याची वाटचाल पाहा. १९९८ मध्ये आठ जणांना जन्मठेप झाली. २००१ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने त्यांतल्या चौघांना सोडले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्यांची शिक्षा दहा वर्षांवर आणली. काही आरोपी फरार होते. ते एकेक करून सापडत गेले आणि जो सापडेल त्याच्यासाठी खटला नव्याने उभा राहिला. म्हणजे साक्षही नव्याने. ज्या मुली सतराव्या-अठराव्या वर्षी साक्ष देऊन आल्या होत्या त्यांच्या दारात वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा समन्स आले. तोवर त्यांची लग्ने झाली होती, काहींना नातवंडे होती. बऱ्याच जणींनी साक्ष फिरवली, बऱ्याच जणी पुढे आल्याच नाहीत. त्यांना आपण ‘फुटलेले साक्षीदार’ म्हणतो. सासरी कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट समन्स घेऊन आलेला हवालदार उंबऱ्यावर मोठ्याने विचारू लागला तर कोण टिकेल?

हे फक्त तिकडचे आहे असेही नाही. १९९४ मध्ये आपल्याच जळगावात याच प्रकारचे प्रकरण बाहेर आले. महाविद्यालयीन मुली, छायाचित्रे, धमक्या, आणि आरोपींत स्थानिक राजकारणातली माणसे. तिथे धर्माचा साचा तसा लागू पडत नव्हता, पण शेवट तोच. मुली पुढे येईनात, साक्षीदार टिकेनात, बहुतेक आरोपी सुटले. या तपासात मीरा बोरवणकर ही पोलीस अधिकारी होती. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता १९९२ सालाकडे पुन्हा वळू या, आणि राजस्थानकडेच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जयपूरजवळच्या भटेरी गावात भंवरीदेवी या सरकारी योजनेतल्या ‘साथिन’वर सामूहिक बलात्कार झाला, तिने एक बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला होता. खालच्या न्यायालयात आरोपी सुटले. पण जयपूर आणि दिल्लीच्या स्त्री संघटना तिच्या बाजूला उभ्या राहिल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल आला. कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे, समितीची प्रमुख बाई असली पाहिजे, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती हवी, हे सारे तिथून आले. एकाच राज्यात, एकाच वर्षी घडलेल्या दोन गोष्टी. एकीतून देशाला कायदा मिळाला. दुसरीतून विद्यार्थिनींना काहीही मिळाले नाही. फरक गुन्ह्यात नव्हता. भंवरीदेवीच्या शेजारी कोणीतरी बसले होते आणि अजमेरच्या मुलींच्या शेजारी कोणी बसले नाही, मला तरी एवढाच फरक दिसतो.

विद्यार्थिनींच्या बाजूने शिक्षकांनी उभे राहावे ही कल्पना मात्र त्याआधीची आहे आणि तिचे मूळ महाराष्ट्रात आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला ‘मथुरा खटला’ म्हणून ओळखला जातो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, तेव्हा तिची संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये चार जणांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले : उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. चौघेही कायद्याचे शिक्षक. भीतीने गप्प राहणे आणि होकार देणे यांत फरक आहे, एवढी साधी गोष्ट त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला समजावली. पुढे आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळे कलम आले, पीडितेचे नाव छापायला बंदी आली. मी बी.एड. करत असताना शिक्षणाच्या इतिहासात आयोगांची नावे आणि साली पाठ केली होती. हे पत्र कोणी शिकवले नाही.

‘विशाखा’नंतर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ मध्ये स्वतःची समिती उभारली. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ‘जीएसकॅश’. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात विद्यार्थ्यांचे, शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी निवडून यायचे. वसतिगृहातल्या मुलीला तक्रार घेऊन ज्या बाईकडे जायचे तिला तिने स्वतः मत दिलेले असायचे. २०१७ मध्ये विद्यापीठ प्रशासनाने ही समिती बंद करून तिच्या जागी नेमलेल्या सदस्यांची अंतर्गत समिती आणली, आणि त्यावर बराच वाद झाला. निवडून आलेली समिती निर्दोष होती असे मी म्हणत नाही. पण तक्रार ऐकणारा कोणाचा माणूस आहे, हे पाहिल्याशिवाय मुलगी तोंड उघडत नाही, हे कोणत्याही शिक्षिकेला ठाऊक आहे.

याच काळात दुसरीही एक गोष्ट चालू होती. सुरक्षिततेच्या नावाने मुलींनाच कुलपात ठेवण्याची. २०१४ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयातल्या पदवीच्या मुलींनी मौलाना आझाद ग्रंथालयात प्रवेश मागितला, तेव्हा मुली आल्या तर मुलांची गर्दी चौपट होईल असे कारण कुलगुरूंनी दिले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याच नोव्हेंबरमध्ये ग्रंथालय उघडायला लावले. २०१५ मध्ये दिल्लीच्या जामिया मिल्लियाने वसतिगृहातल्या मुलींना रात्री उशिरा येण्याची सवलत बंद केली, आणि तिथून ‘पिंजरा तोड’ नावाची चळवळ सुरू झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संध्याकाळी वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली, जवळच्या सुरक्षारक्षकांनी मदत केली नाही, उलट इतक्या उशिरा बाहेर का होतीस असे तिलाच विचारले गेले. मुली दरवाजावर धरणे देऊन बसल्या, तर त्यांच्यावर लाठ्या चालल्या. मुस्लिम विद्यापीठ असो, हिंदू विद्यापीठ असो, या बाबतीत दोघांची तालीम एकाच उस्तादाकडे झालेली दिसते!

आपल्या मोहल्ल्यात या कुलपाला दीनचा आधार दिला जातो. मी आलिमा नाही, शाळेतली शिक्षिका आहे. पण जे वाचले आहे ते सांगते. पैगंबरांच्या काळात एक स्त्री नमाजसाठी मशिदीकडे निघाली असताना वाटेत तिच्यावर अत्याचार झाला, ही हकीकत अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या हदीस संग्रहांत आहे. ती आली, तिने सांगितले, आणि तिला चार गवाह आण असे कोणी म्हटले नाही. तू जा, अल्लाहने तुला माफ केले आहे, अशा अर्थाचे उत्तर तिला मिळाले. चार साक्षीदारांची अट सूरह नूरमध्ये आहे ती पाकदामन स्त्रीवर तोहमत घेणाऱ्यासाठी. ती स्त्रीच्या बचावाची अट आहे. ती उलटी फिरवून तक्रार करणाऱ्या मुलीच्याच गळ्यात कोणी आणि कधी घातली, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आणि स्त्रियांना मशिदीत जाण्यापासून रोखू नका हे फर्मान तर बुखारीत आहे. वाट धोक्याची आहे म्हणून वाट बंद करा, असे तिथे कुठे दिसत नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत फिजिओथेरपी शिकलेल्या तरुणीवर बसमध्ये जे झाले ते सर्वांना आठवते. त्यानंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष न्या. जे. एस. वर्मा होते, म्हणजे ‘विशाखा’ निकाल देणाऱ्या पीठाचेच प्रमुख. महिन्याभरात अहवाल आला. २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला, त्यात शिक्षणसंस्थाही आल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कृती दलाने त्याच वर्षी ‘सक्षम’ नावाचा अहवाल दिला आणि त्यावरून २०१५ चे विनियम तयार झाले, जे मे २०१६ मध्ये राजपत्रात आले. मी ते वाचले तेव्हा दोन ठिकाणी थांबले. एक, मुलींच्या सुरक्षिततेचे कारण देऊन त्यांच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावता येणार नाहीत असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. दुसरे, चौकशी चालू असताना तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, तिची स्थिती आणि सवलती शाबूत ठेवून. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या शिक्षकाला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते. कॉलेजची बस आणि सहलही ‘परिसर’ धरली आहे. १९७२ पासून कायदा गुन्हेगाराच्या शिक्षेबद्दल बोलत होता. इथे पहिल्यांदा कोणीतरी मुलीच्या शिक्षणाबद्दल बोलले. शिक्षा आणि शिक्षण, दोन्ही शब्द एकाच धातूतून आले आहेत, पण एकापासून दुसऱ्यापर्यंत यायला आपल्या कायद्याला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

शाळांसाठी पॉक्सो कायदा आहे. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून, म्हणजे बालदिनापासून, लागू आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. पुन्हा पुन्हा साक्षीला बोलवायचे नाही. आरोपी समोर दिसू द्यायचा नाही. २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती मुलासाठी एक सहायक व्यक्ती देऊ शकते, जी पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सोबत राहते. नुकसानभरपाई ठरवताना ज्या बाबी मोजायच्या त्यांत बुडालेल्या शिक्षणाचाही उल्लेख आहे. मानसिक धक्का, उपचार, तपास, खटला यांमुळे शाळा चुकली तर तेही नुकसान मानायचे. अजमेरच्या मुलींना यातले एकही कलम मिळाले नव्हते. आणि एक कलम माझ्यासाठी आहे, एकोणिसावे. असा गुन्हा झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

ते कलम मला माहीत नव्हते. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी शाळा सुटल्यावर रिक्षात बसायला टाळाटाळ करू लागली. मैत्रिणी बसेपर्यंत ती गेटजवळच उभी राही, मग सगळ्यांत शेवटी, मागच्या कोपऱ्यात. एकदा मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “आपा, मी चालत घरी गेले तर चालेल का?” मी विचारले, का? ती म्हणाली, “रिक्षावाले चाचा...” आणि थांबली. माझ्या हातात तपासायच्या वह्या होत्या. मी म्हटले, बेटा, अम्मीला सांग. तिने मान हलवली. दोन आठवड्यांनी तिचे अब्बू दाखला घ्यायला आले. गावी चाललो आहोत, म्हणाले. मी रकान्यात ‘स्थलांतर’ लिहिले. ईदनंतर कळले, ते कुठेही गेले नव्हते. मुलगी त्याच गल्लीत होती, घरात बसून ओढण्यांना टिकल्या लावत होती. रिक्षाही त्याच गल्लीत होती आणि आमच्याच शाळेच्या दुसऱ्या मुली घेऊन येत होती.

तेव्हा मी मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, पुरावा आहे का? आधीच मुली कमी आहेत, बोभाटा झाला तर उरलेल्याही पालक काढतील. रिक्षा बदलली गेली, तेवढेच. पोलिसांना कळवायचे असते, फोन १०९८ वर तरी करायचा असतो, हे मला पुढे एका प्रशिक्षणात समजले. मी त्या खोलीत बसून टिपणे घेत होते आणि हात थरथरत होता.

बदलापूरच्या प्रकरणात काय झाले ते पाहा. आईवडील तक्रार घेऊन गेले, तेव्हा गुन्हा नोंदवून घ्यायला पोलिसांनी तासन्‌तास लावले. शाळेच्या विश्वस्तांवर याच एकोणिसाव्या कलमाच्या आधारे गुन्हा दाखल झाला. आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला आणि अनेकांनी पेढे वाटले. खटला चालला असता तर शाळेत कोणाला काय माहीत होते ते कदाचित बाहेर आले असते, हे पेढे खाणाऱ्यांच्या लक्षात आले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळांतल्या सुरक्षिततेसाठी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसाळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. त्या समितीत मीरा बोरवणकरही होत्या. जळगावच्या त्या तपासाला तोवर तीस वर्षे झाली होती.

शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्याचा शासन निर्णय मार्च २०२२ मध्येच निघाला होता. बदलापूरनंतर प्रत्येक शाळेत त्याची धावपळ झाली. आमच्याकडेही समितीचा फलक लागला. त्यावर माझे नाव आहे. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर लावली होती; मी ती हट्टाने मुलींच्या पाण्याच्या टाकीजवळ हलवली, कारण तिथे त्या दिवसातून चार वेळा जातात आणि कोणी पाहत नाही. पहिले दोन महिने पेटीत चॉकलेटचे कागद आणि एका शिक्षिकेची नक्कल करणारे चित्र निघाले. नंतर एक चिठ्ठी निघाली, उर्दूत, नावाशिवाय, चार ओळींची. तिच्यात काय होते ते मी लिहिणार नाही. त्या चिठ्ठीबद्दल जे करायचे ते करून झाले आहे, पोलिसांत नोंद आहे आणि ती मुलगी शाळेत येते. तिच्या घरच्यांना तीन वेळा भेटले. तिसऱ्या वेळी तिच्या अम्मीने विचारले, “आपा, दाखल्यावर हे येणार नाही ना?”

मी म्हटले, दाखला कशाला? ती दहावीला आमच्याकडेच बसणार आहे.

जनरल रजिस्टरमध्ये त्या आठ वर्षांपूर्वीच्या मुलीचे पान अजून आहे. मी ते एकदा उघडून पाहिले. ‘स्थलांतर’ माझ्याच अक्षरात आहे. मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय रजिस्टरमध्ये खाडाखोड करता येत नाही, तसा नियम आहे. तिच्या घरी मात्र मागच्या महिन्यात जाऊन आले. आता ती बावीस वर्षांची आहे. बाहेरून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म कधी सुटतो, तिने विचारले.